लाल चौकट आणि एकोणीस नियम

श्यामलाबाई आगाशे यांनी सदतीस वर्षं एका कॉलेजच्या कार्यालयात, खिडकी नंबर चारच्या आतल्या बाजूला बसून, लोकांचे अर्ज परत केले. नेमणूक अर्ज स्वीकारण्यासाठी झाली होती, पण तो तपशील त्यांनी कधी फारसा मनावर घेतला नाही. समोर अर्ज आला की चष्मा नाकाच्या शेंड्यावर, उजव्या हातात लाल पेन्सिल आणि नजर पहिल्या रकान्यापासून शेवटच्या सहीपर्यंत सरळ खाली. मध्ये कुठे ठेच लागली की तिथे लाल चौकट. अर्ज खिडकीतून बाहेर. तोंडातून एक अक्षर नाही. "मॅडम, काय चुकलंय?" असं विचारणाऱ्याला मिळणारं उत्तरही ठरलेलं होतं.

"लाल केलंय ना? डोळे दिलेत देवाने."

शहरातले एक नामवंत वकील आजही लक्ष्मी रस्त्यावर बाई समोरून येताना दिसल्या की नकळत शर्टाचा खिसा चाचपतात. पासपोर्ट फोटो आणलेत ना, हे बघायला. ब्याऐंशी सालापासून त्या खिडकीतून जे पदवीधर झाले, त्यांना पदवीपेक्षा ती चौकट जास्त आठवते. आणि एवढे अर्ज बारकाईने वाचणाऱ्या बाई स्वतः किमान एम.ए. असणार, असं सगळ्यांनी आपापल्या मनाशी धरून टाकलं होतं. बाईंनी कुणाला तसं सांगितलं नव्हतं. तसं नाही, हेही सांगितलं नव्हतं.

निवृत्तीनंतर त्या हातभार लेखनिक मंडळात आल्या. अंध विद्यार्थी परीक्षेत उत्तर तोंडाने सांगतात आणि शेजारी बसलेला लेखनिक ते उतरवून घेतो; मुलं त्याला रायटर म्हणतात. असे लेखनिक मिळवून देणं हे मंडळाचं काम. अट एकच, पण कडक: लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी हवं. नाहीतर उत्तरं कोणाची, हा प्रश्न येतो. मंडळाचं कार्यालय म्हणजे नारायण पेठेत बाईंच्याच इमारतीच्या तळमजल्यावरची एक खोली, एक टेबल, एक संगणक आणि एक जुना लँडलाइन फोन. या फोनवर समोरच्याचा नंबर दिसत नाही. बाईंच्या मते ज्याला बोलायचंय त्याने नाव सांगावं. नंबर कशाला दिसायला हवा?

तीन आठवड्यांपूर्वी मंडळाचा ऑनलाइन फॉर्म सुरू झाला. तो बनवला तिसऱ्या मजल्यावरच्या ऋचाने. ऋचा एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करते, म्हणजे बाईंच्या हाताशी असते. फॉर्म चमत्कारिक होता. त्यात भरलेलं काही कुठे साठवलं जात नसे. पूर्वी मंडळाकडे विद्यार्थ्यांची नोंदवही होती. ती यादी कोणीतरी बाहेर दिली आणि पोरांना रोज विम्याचे नि औषधांचे फोन सुरू झाले. तेव्हा अध्यक्ष आप्पासाहेबांनी ठराव केला: विद्यार्थ्याची माहिती ठेवायचीच नाही.

"म्हणजे कसं, काकू," ऋचाने समजावलं होतं, "फॉर्म भरला की जागच्या जागी चेक होणार. बरोबर असेल तर आपल्याला आणि लेखनिकांना मेसेज जाणार. चूक असेल तर तिथूनच परत. सेव्ह काहीच नाही."

'तिथूनच परत' हे शब्द कानी पडताच बाईंच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर प्रथमच तेज आलं. त्यांनी एका बैठकीत एकोणीस नियम लिहून दिले. नाव तीन भागांतच हवं. मोबाइल दहा आकडीच. परीक्षा केंद्राचं नाव आद्याक्षरांत चालणार नाही. पिनकोड चारशे अकरानेच सुरू झाला पाहिजे, कारण मंडळ पुण्याचं आहे आणि पुण्याचा पिनकोड चारशे अकरा. ऋचाने सुरुवातीला प्रत्येक चुकीखाली एकेक वाक्य घातलं होतं, 'कृपया आपला मोबाइल क्रमांक पुन्हा तपासावा' वगैरे. बाईंनी ती सगळी काढायला लावली. "एवढी आर्जवं कशाला? चूक असेल तिथे लाल चौकट कर. पुरे." फोन नंबरही पानावरून काढायला लावला, कारण नंबर दिसला की लोक फॉर्म न भरता फोन करत बसतात.

तीन आठवड्यांत बेचाळीस अर्ज आले. बेचाळीसच्या बेचाळीस निर्दोष. बाईंनी ते आप्पासाहेबांना अशा आवाजात सांगितलं, की ते चहा ढवळायचे थांबले.

आणि मग त्या बुधवारी, एप्रिलमधल्या, सकाळी दहा चाळीसला लँडलाइन वाजला.

"हॅलो, ते रायटर देणारे तुमीच ना ओ?" माणूस घाईत होता. मागून ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. "मी नागोराव बोलू लागलो. माझ्या लेकीचा आज दोनला पेपर हाय, शेवटचा. तिचा ठरलेला रायटर काविळीनं पडलाय. सकाळपासून लेकरू तुमचा फारम भरू लागलंय. अकरा बार भरला. भरला की कोरा होतो बगा. काहीच बोलंना झालाय तो फारम. नंबर बी न्हाई त्येच्यावर, कालेजात इचारून घेतला."

"अहो, फॉर्म बोलत नसतो," बाई म्हणाल्या. "चूक असेल तिथे..."

"म्याडम, आयका की जरा. हा पेपर गेला तर तिचं वर्ष गेलं. वसतिगृहाची खोली याच वर्षापुरती हाय, पुढल्या साली मिळत न्हाई. मंग पोरीला गावाकडं न्यावं लागतंय. ड्यूटीवर हाय मी, बॅटरी बी संपू लागली माझी. तिचा नंबर लिवून घ्या, नव्वद अठ्ठावीस..."

फोन मेला.

बाईंनी हातातल्या कागदावर पाहिलं. ९०२८. पुढे सहा आकडे हवे होते. सदतीस वर्षांत इतका अपुरा कागद त्यांच्या हाती आला नव्हता, आणि तो परत करायला समोर कोणी नव्हतं.

त्यांनी दहा मिनिटं फोन परत येण्याची वाट पाहिली. आला नाही. मग जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारली, "ऋचाऽ!" आणि इमारतीतल्या लोकांना बाईंचा आवाज चढू शकतो, हे नव्याने कळलं.

ऋचा मीटिंगसाठी कानात घातलेली इअरफोनची बोंडं तशीच ठेवून खाली आली. बाईंनी सगळं सांगितलं. "सोपं आहे," त्या म्हणाल्या. "अकरा वेळा भरलाय म्हणे. ते अकरा अर्ज काढ आणि नंबर दे."

"काकू, ते नाहीत."

"नाहीत म्हणजे? परत केलेले कुठे जातात?"

"कुठेच जात नाहीत. आपणच ठरवलं ना, काही ठेवायचं नाही? जे पास होतं ते पुढे जातं. जे होत नाही ते झालंच नाही, असं असतं."

"अगं, पण कोणीतरी आलं होतं, एवढं तरी?"

"तेही नाही."

बाई खुर्चीत बसल्या. खिडकीवर निदान माणूस दिसायचा. कपाळावर घाम, हातात चुरगळलेला कागद. परत गेला तरी तो आला होता, हे माहीत असायचं.

"आणि काय म्हणत होता तो," त्या पुटपुटल्या, "फॉर्म काही बोलत नाही. फॉर्म काय बोलणार?"

ऋचाने कानातली बोंडं काढली. तिचा चेहरा उतरला होता.

"काकू, या मुलांचे फोन बोलतात. पानावर जे लिहिलेलं असेल ते मोठ्याने वाचून दाखवतात. आपण तिथे काही लिहिलेलंच नाही." ती थांबली. "आपण फक्त लाल करतो."

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर भाजीवाला कोथिंबिरीचा भाव ओरडत होता. श्यामलाबाई आगाशे यांनी अंध मुलांसाठीच्या फॉर्मवर, चूक दाखवायला, लाल चौकट मागून घेतली होती. आणि आग्रहाने.

"मग ते बेचाळीस?" त्यांनी विचारलं.

"कोणातरी डोळस मित्राने भरून दिले असतील. आलेले बेचाळीस आपण मोजले. न आलेले किती, ते कोण सांगणार?"

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. अकराला सात मिनिटं होती.

"तू ते लिहून टाक. परत. ती कृपया-बिपया."

"सगळी वाक्यं घालायची, नीट वाचली जातात का बघायचं, दोन तास जातील. नियम काढायला मात्र दोन मिनिटं लागतात." ऋचाने खुर्ची ओढली. "ती अजून भरत असेल, काकू. बाराव्यांदा भरेल. त्या वेळी तिला अडवलं नाही, तर तिचा नंबर आपल्यापर्यंत येईल. दुसरा रस्ताच नाही."

"सगळे काढायचे?"

"सगळे."

इथे जे झालं त्याला घासाघीस म्हणतात, आणि मंडईतसुद्धा इतकी होत नाही. बाईंचं म्हणणं, एकोणीसपैकी कुठल्या तरी एकाच नियमात पोरगी अडकली असणार. तेवढाच शोधून काढू. त्यांनी आधी नाव तीन भागांत असण्याचा नियम सोडला. ऋचाने तो काढला. दोघी पडद्याकडे बघत बसल्या. पाच मिनिटं झाली, काही आलं नाही. मग बाईंनी परीक्षा केंद्राचं पूर्ण नाव सोडलं. पुन्हा पाच मिनिटं. मग विद्यार्थी क्रमांकाचे सोळा आकडे सोडताना त्यांनी डोळे मिटून घेतले.

"काहीच येत नाही," त्या म्हणाल्या. "कंटाळली असेल. उठून गेली असेल."

"किंवा आत्ता या क्षणी भरलाय आणि आपण तिला चौथ्या नियमाने परत पाठवलंय. आपल्याला कळणार आहे थोडंच?"

घड्याळात अकरा वीस झाले होते. बाईंनी टेबलाच्या खणातून एकोणीस नियमांचा कागद काढला. त्यांच्या अक्षरात, पट्टीने रेघा मारलेला, खाली तारीख आणि सही. तो त्यांनी ऋचापुढे ठेवला, जणू तिला ते पाठ नव्हते.

"सगळे काढ," त्या म्हणाल्या. "मी बघत नाही."

आणि खरोखरच त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

फॉर्मचा दरवाजा असा उघडल्यावर पहिल्या तीन मिनिटांत आत आलं कोण, तर कुठल्याशा परदेशी कंपनीचा एक अर्ज, ज्यात नावाच्या जागी टक्कल घालवण्याच्या तेलाची जाहिरात होती. मग एक अर्ज 'अआइई' नावाच्या विद्यार्थ्याचा, मोबाइल क्रमांक एक दोन तीन. बाई प्रत्येकाला "हं" एवढंच म्हणत होत्या. हात आपोआप पेन्सिलीकडे जात होता आणि रिकामाच परत येत होता. साडेअकरा. पावणेबारा. ऋचाच्या फोनवर तिच्या साहेबाचे तीन कॉल येऊन गेले. तिने फोन पालथा ठेवला. बाई देवाचं काही म्हणत नसत, पण ओठ हलत होते. ऋचाला वाटलं स्तोत्र असेल. त्या नव्वद अठ्ठावीस, नव्वद अठ्ठावीस म्हणत होत्या.

बारा वाजून दोन मिनिटांनी संगणकाने टिंग केलं.

*मुक्ताई नागोराव ढवळे. तृतीय वर्ष कला. इतिहास. केंद्र: लोणी काळभोर. वेळ: दुपारी दोन.* मोबाइल नव्वद अठ्ठावीसने सुरू होत होता आणि दहाच्या दहा आकडे जागेवर होते.

बाईंनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून अर्ज वरून खाली वाचला. नाव तीन भागांत. केंद्राचं नाव पूर्ण. विद्यार्थी क्रमांक सोळा आकडी. एवढा स्वच्छ अर्ज त्यांनी वर्षानुवर्षांत पाहिला नव्हता.

"मग अडकला कशात?"

ऋचाने पत्त्याच्या ओळीवर बोट ठेवलं. मांजरी. पिनकोड ४१२३०७.

"चारशे बारा," बाई म्हणाल्या. "चुकलाय."

"नाही चुकला, काकू. मांजरीचा तोच आहे. लोणीचा पण चारशे बाराच."

"मांजरी पुण्यात कधी आली?"

"आली. काही वर्षं झाली. बस जाते."

बाईंचं पुणं एका बाजूला स्वारगेटला आणि दुसऱ्या बाजूला डेक्कनला संपत असे; हडपसर म्हणजे प्रवास. त्या पलीकडे माणसं राहतात, शिकतात आणि त्यांना टपाल येतं, हे त्यांच्या नियमांच्या कागदावर कुठेच नव्हतं. फोन उचलून त्यांनी नंबर फिरवला.

"मुक्ताई का? मी हातभार मंडळातून. तुझा अर्ज मिळाला."

पलीकडून एक पातळ, तुटक आवाज. "मिळाला? खरंच का ओ? मी म्हणलं, तिकडं कुणी हाय का न्हाई."

"आहे. तू केंद्रावर जा. लेखनिक तिथे पोचेल."

"कोण येणार?"

"ते कळवते," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. कोण येणार, हे त्यांना माहीत नव्हतं.

लेखनिकांची यादी मात्र मंडळ ठेवत असे, त्यांच्या परवानगीने. बाईंनी वही उघडली. पदवी परीक्षेला बसवता येतील असे, म्हणजे पदवीच्या आतले, सतरा जण. बारा जणांचे स्वतःचेच पेपर होते. दोघांचे फोन बंद. एक गावी. समर्थ नावाचा मुलगा आळंदीला होता, तिथून दोनच्या आत लोणीला पोचणं शक्य नव्हतं. शेवटचा चेतन. विश्रांतवाडीहून तो म्हणाला, "काकू, येतो की! बारावीचा निकाल लागल्यावर फर्स्ट इयरला गेलो, आता सेकंडला आहे, चालेल ना?" आणि लगेच पुढे, "पण आज दोनला माझाच पेपर आहे. सॉरी, विसरलोच होतो." परीक्षेच्या दिवशी परीक्षा विसरणाऱ्या या मुलाला एरवी बाईंनी दहा मिनिटं सुनावलं असतं. आज त्यांनी नुसता फोन ठेवला.

बारा सव्वीस.

"मी गेले असते," ऋचा म्हणाली. "पण मी इंजिनिअर. चालणार नाही."

"नाही चालणार."

"तुम्हीही नाही. तुम्ही तर एम.ए. ना?"

बाई वहीकडे बघत होत्या. वहीच्या पहिल्याच पानावर कार्यालयाचं काम बघणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव होतं. नाव, पत्ता, वय, रक्तगट, सगळं भरलेलं. 'शिक्षण' या रकान्यात काही नव्हतं. अख्ख्या वहीत तेवढी एकच जागा कोरी होती, आणि बाईंची वही तपासायची हिंमत आजवर कोणाची झाली नव्हती.

"तुझी स्कूटर खाली आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"पाच मिनिटं थांब. वरून एक कागद आणते."

तो कागद म्हणजे १९८० सालची बारावीची गुणपत्रिका होती, लॅमिनेट केलेली. बाई ती पर्समध्ये ठेवताना ऋचाने पाहिलं. तिने हेल्मेट पुढे केलं. बाईंनी आयुष्यात प्रथमच, अंबाड्यावरून, ते चढवलं.

सोलापूर रस्त्यावर एप्रिलच्या साडेबाराला स्कूटरवर मागे बसून जाणं काय असतं, ते बसल्याशिवाय कळत नाही. रामटेकडीला सिग्नलने धरलं. हडपसर गाडीतळाला पाच बस एकमेकींना चिकटून उभ्या, त्यांच्या मधून ऋचा अशी निघाली की बाईंनी तिच्या खांद्याला लावलेल्या नखांच्या खुणा पुढे चार दिवस राहिल्या. एक वाजून पाच मिनिटं. पंधरा नंबर चौकात उसाचा ट्रॅक्टर आडवा. बाईंनी मान वळवली, तर शेजारीच एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाची पाटी. खाली सगळा पत्ता, आणि शेवटी मोठ्या लाल आकड्यांत: पुणे ४१२३०७. ट्रॅक्टर हलेपर्यंत ती पाटी त्यांच्यासमोरच होती.

"वाचलं," त्या हेल्मेटमधून म्हणाल्या.

"काय, काकू?"

"काही नाही. तू पुढे बघ."

लोणीच्या केंद्रावर त्या एक अडतीसला पोचल्या. फाटकाशी पांढरी काठी हातात घेऊन एक सडपातळ मुलगी उभी होती. निळा पंजाबी ड्रेस, वेणी घट्ट, दुसऱ्या हातात हॉलतिकिटाची प्लास्टिकची पिशवी. "मुक्ताई?" म्हटल्याबरोबर तिने मान वळवली. "तुमीच फोन केल्ता. रायटर कुठंय?"

"मीच," बाई म्हणाल्या.

मुक्ताईने भुवया उंचावल्या. आवाजावरून तिने वय ओळखलं असावं.

कार्यालयात लेखनिकांच्या अर्जांसाठी एक खिडकी होती. तिच्या आत हिंमतराव नावाचे गृहस्थ बसले होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. बाईंनी अर्ज भरला, फोटो चिकटवला (दोन फोटो त्यांच्या पर्समध्ये कायम असतात), गुणपत्रिका जोडली आणि चाळीस वर्षांत प्रथमच खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभ्या राहिल्या. हिंमतरावांची नजर वरून खाली आली आणि मध्येच थांबली.

"शिक्षण बारावी?"

"हो."

"वय त्रेसष्ट. आगाशे. नारायण पेठ." त्यांनी मान वर केली. "आन् बारावी?"

"हो."

"मावशी, इथं शिक्षण कमी दाखवणारे लई येत्यात. परवा एक प्राध्यापक दहावी नापास म्हणून आला हुता. पदवी न्हाई, याचा पुरावा द्या."

"अहो, जी नाही तिचा पुरावा कुठून आणायचा?"

"ते तुमी बगा. अर्ज अपुरा हाय." आणि अर्ज खिडकीतून बाहेर आला.

पावणेदोनला दोन मिनिटं कमी. मागे चार जण. ऋचा कोपऱ्यात. मुक्ताईने काठी दोन्ही हातांनी धरली होती. तिची बोटं पांढरी पडली होती. सकाळपासून तिचा अर्ज अकरा वेळा परत आला होता, आणि हा बारावा.

बाईंनी अर्जाकडे पाहिलं, मग त्या मुलीच्या बोटांकडे.

"कोरा कागद द्या," त्या म्हणाल्या. "लिहून देते."

तिथेच उभ्याने, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून त्यांनी लिहिलं. रेघ सरळ गेली. हिंमतरावांनी कागद घेतला आणि सरकारी सवयीनुसार मोठ्याने वाचला, मागच्या चौघांना आणि कोपऱ्यातल्या ऋचाला ऐकू जाईल असा:

"मी, श्यामला विनायक आगाशे, लिहून देते की, मी पदवीधर नाही. प्रथम वर्ष वाणिज्य परीक्षेत १९८१ व १९८२ साली अनुत्तीर्ण झाले. त्यानंतर नोकरी लागल्याने शिक्षण सोडले. एका कॉलेजच्या कार्यालयात सदतीस वर्षे इतरांचे पदवीचे अर्ज तपासले. ही बाब आजवर कोणास सांगितली नाही. माहिती खोटी आढळल्यास होणाऱ्या कारवाईस मी जबाबदार राहीन."

शेवटच्या ओळीला हिंमतरावांचा आवाज जरा खाली आला. त्यांनी कागद पुन्हा एकदा मनात वाचला.

"कितव्या खिडकीवर हुता?" त्यांनी विचारलं.

"चार."

हिंमतरावांनी शिक्का उचलला, शाई बघितली आणि बरोबर चौकटीच्या मधोमध मारला. तशा घाईतही बाईंना तो शिक्का आवडला.

"पळा," ते म्हणाले. "दुसरा मजला. खोली अकरा."

दोनला एक मिनिट असताना दोघी बाकावर बसल्या.

पुढचे तीन तास श्यामलाबाईंच्या आयुष्यातले सर्वांत अवघड. मुक्ताई बोलायची आणि त्या लिहायच्या. जसं सांगेल तसं, तेवढंच. तिसऱ्या प्रश्नात मुक्ताईने पानिपतची लढाई सतराशे एकाहत्तरला लावली. बाईंचं पेन थांबलं. सदतीस वर्षांची सवय मनगटात येऊन उभी राहिली. खाकरलं तरी ते सांगितल्यासारखं होणार. पर्यवेक्षक दोन हातांवर होते. मुक्ताईच्या कपाळावर एक आठी आली, बस्स. बाईंनी लिहिलं: १७७१. कागदावर तो आकडा त्यांच्याकडे बघत राहिला.

परिच्छेद संपल्यावर मुक्ताई म्हणाली, "वाचून दाखवा, काकू."

बाईंनी वाचलं. सपाट आवाजात, कुठेही न अडखळता, १७७१ ला जितका वेळ तितकाच बाकीच्यांना.

"एकसष्ट!" मुक्ताई दचकून म्हणाली. "एकाहत्तर कसं म्हणले मी? खोडा ते, काकू."

बाईंनी सदतीस वर्षांत लाल पेन्सिलीनेसुद्धा इतक्या आनंदाने हात चालवला नसेल. एकच रेघ, सुरेख.

पाच वाजता बाहेर फाटकाशी नागोराव उभे होते. ड्यूटीच्या गणवेशातच, हातात पाण्याची बाटली, पायांत धुळीने भरलेले बूट. त्यांनी आधी लेकीचा चेहरा बघितला आणि मग बाईंना हात जोडले. ऋचाने सगळ्यांसाठी उसाचा रस आणला.

"काकू," दोन घोट झाल्यावर मुक्ताई म्हणाली, "त्या फॉर्ममधी माझं काय चुकलं होतं?"

"तुझं काही नाही. पिनकोडचा नियम मी चुकीचा लावला होता."

"मग तो सांगत कामून नव्हता?"

बाईंनी ग्लास खाली ठेवला. इतका वेळ ताठ असलेली त्यांची मान पहिल्यांदा खाली गेली.

"सांगत होता. लाल करून."

मुक्ताईच्या खांद्यांतून हसू फुटलं, असं की रसाचा ग्लास नागोरावांना धरावा लागला. "लाल!" ती म्हणाली. "अगं माय! लाल कसा आवाज करतो ओ, काकू?"

आधी ऋचा हसली, मग न कळता नागोराव. बाई सगळ्यांत शेवटी, आणि त्यांना थांबायला सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी पर्स उघडली, लाल पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत आत ठेवली. चाळीस वर्षांची गोष्ट एका दिवसात टाकून देण्याइतक्या त्या उधळ्या नव्हत्या.

"उद्या तुला सुट्टी?" त्यांनी विचारलं.

"हो. संपले ना पेपर."

"मग अकराला कार्यालयात ये. ऋचा एकेक नियम परत लावेल. तू मुद्दाम चुका करायच्या आणि काय ऐकू येतं ते मला सांगायचं. जिथे ऐकू येणार नाही, तो नियम बाद."

"आन् माझा पिनकोड?"

"तो घेणार. फोन नंबरही पानावर पहिल्या ओळीत." त्या जरा थांबल्या. "वेळेवर ये मात्र. अकरा म्हणजे अकरा."

परतताना हडपसरच्या गर्दीत स्कूटर उभी होती, तेव्हा बाईंनी ऋचाच्या खांद्यावर टकटक केलं.

"घरी गेल्यावर लेखनिकांच्या वहीत माझं नाव घाल. अठरावं."

"घालते. शिक्षण काय लिहू?"

"बारावी," बाई पुरेशा मोठ्याने म्हणाल्या. शेजारच्या रिक्षातल्या दोघांनी वळून पाहिलं. "आणि पहिल्या पानावरचा रकानाही भर. कोरा राहिलाय."